विश्लेषण : माळरान, टेकडी, दुभाजकावर देशी झाडेच का हवीत? मधमाश्यांशी त्यांचा काय संबंध?

पावसाळा तोंडावर आला की राज्यभर वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्र सरकारने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला होता. पाच जून २०२४ पासून केंद्राची ‘एक पेड मां के नाम’ मोहीम सुरू आहे. अशा मोहिमांनंतर रोपे किती लावली आणि किती जगली, याची चर्चा होते. रोपे कोणती लावली, ती त्या जमिनीला मानवणारी होती का, जगलेल्या झाडावर मधमाशी, फुलपाखरू किंवा पक्षी येतो का, हे मात्र फारसे विचारले जात नाही. मुरमाड टेकड्या, महामार्गांच्या कडा, खाणींचे ढिगारे अशा खडतर जागांवर तर हेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे ठरतात. ते थेट शेतीच्या उत्पन्नापर्यंत जाऊन पोहोचतात.

‘खडतर जागा’ म्हणजे कोणत्या?

जिथे माती वीतभरही नाही, पाणी फक्त चार महिने आहे आणि उरलेले आठ महिने ऊन, वारा, चराई व वणवा आहे, अशा जागा. दख्खनच्या पठारावर काळ्या बेसाल्ट खडकावर मुरमाचा पातळ थर असलेल्या टेकड्या सर्वत्र आहेत. त्याशिवाय महामार्गांचे दुभाजक, रस्त्यासाठी कापलेले डोंगरउतार, विदर्भातील कोळसा व मँगनीज खाणींबाहेर टाकलेले दगडमातीचे ढीग, कोकणातील खारा वारा झेलणारी वाळू आणि कालव्यांच्या पट्ट्यातील चोपण-चिबड जमिनी यांचाही त्यात समावेश होतो.

या सगळ्यांना एकच रोप चालत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. महाबळेश्वरच्या जंगलातील झाड माणच्या माळावर नेऊन लावले तर ते भारतीय असूनही तिथे परकेच ठरते. म्हणूनच ‘देशी’ या शब्दाचा उपयोगाचा अर्थ ‘भारतातील’ एवढाच न घेता ‘त्या परिसरातील’ असा घ्यावा लागतो.

मग परदेशी झाडे लावली कशी गेली?

त्यामागे कारणे होती. सरपण, चारा आणि उघड्या डोंगरांची धूप हे प्रश्न तातडीचे होते. त्यामुळे भरभर वाढणारी, कमी पाण्यावर तगणारी आणि जनावरे न खाणारी झाडे हवी होती. ऑस्ट्रेलियातील निलगिरी, मेक्सिको-मध्य अमेरिकेतील सुबाभूळ आणि गिरिपुष्प ऊर्फ उंदीरमारी, कोकणात ऑस्ट्रेलियन आकेशिया यांनी ही गरज भागवली. पुण्यासारख्या शहरांभोवतीच्या टेकड्यांवर उंदीरमारी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती हवेतील नत्र जमिनीत धरते, तोडली तरी फुटते आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. किनाऱ्यावर सुरूची बने उभी राहिली आणि वाळू-वारा अडवण्याचे काम त्यांनी केले.

तोटा नंतर दिसू लागला. एकाच जातीची दाट लागवड झाली की खाली गवत आणि झुडपे कमी होतात. उंदीरमारीला उन्हाळ्याच्या सुरुवातीला गुलाबी फुले येतात, त्यांवर मधमाश्याही येतात. पण बहर ओसरला की त्या टेकडीवर वर्षाचा बराच काळ कीटकांना खायला फारसे काही उरत नाही. सुरूचे परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे त्याच्या फुलात मधुरस नसतो. अमेरिकेतून आलेल्या वेड्या बाभळीने तर कोरडवाहू भागात नदीनाले आणि गवताळ पट्टे व्यापले. अलीकडे शहरांत कुंपणासाठी लोकप्रिय झालेल्या कोनोकार्पसवर २०२३ मध्ये गुजरातने बंदी घातली.

परागवाहक कोण कोण आहेत?

महाराष्ट्रात मधमाशी म्हटले की चार नावे पुढे येतात. उंच कडे, झाडे आणि पाण्याच्या टाक्यांना मोठी पोळी लावणारी आग्या, झाडांच्या ढोलीत राहणारी व पेटीत पाळता येणारी सातेरी, झुडपांत छोटे पोळे करणारी फुलोरी आणि भिंतींच्या किंवा खोडांच्या फटीत राहणारी, डंख नसलेली पोया. यांशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्यांच्या असंख्य जाती आहेत. जगभरात मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य एकट्या राहतात. त्यांतल्या बऱ्याच जमिनीत बीळ करतात, तर काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो.

फुलपाखरे, पतंग, भुंगेरे, शिंजीर पक्षी आणि वटवाघळे हेही परागवाहक आहेत. काटेसावर, मोह यांसारख्या झाडांच्या परागीभवनात वटवाघळांचा मोठा वाटा असतो. जैवविविधतेवरील ‘आयपीबीईएस’ या आंतरसरकारी मंचाच्या २०१६ च्या अहवालानुसार जगातील रानफुलांच्या जवळपास ९० टक्के जाती आणि ७५ टक्क्यांहून अधिक अन्नपिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

कांद्याचे बी तयार करणाऱ्या शेतकऱ्याला तो सर्वांत आधी जाणवतो. कांद्याच्या फुलात परागकण आधी बाहेर पडतात आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. त्यामुळे दुसऱ्या फुलाचे पराग कोणी तरी आणून द्यावे लागतात. मधमाशी फिरकली नाही तर गोंडे भरलेले दिसतात, पण बी धरत नाही. काकडी, कारले, दोडका, भोपळा, कलिंगड यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. माशी आली नाही तर फळ वाकडे होते किंवा गळून पडते. सूर्यफुलातही दाणे भरण्यासाठी कीटकांची मदत होते.

टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे पराग मिठाच्या डबीसारख्या छिद्रातून बाहेर पडतात. भुंगे आणि निळ्या पट्ट्याच्या माश्या फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झडतात. सातेरीला हे जमत नाही. म्हणजेच भाड्याने पेट्या आणून सगळी गरज भागत नाही, रानातल्या माश्याही लागतात.

अडचण अशी की पिकाचा बहर दोन-तीन आठवडे टिकतो. माशीला मात्र वर्षभर खावे लागते. पूर्वी ती बांधावरच्या बोरी-बाभळी, ओढ्याकाठचे करंज आणि कुंपणाच्या निर्गुडीवर जगत असे. बांध कोरले गेले, ओढ्यांचे काठ सपाट झाले आणि तणनाशकाने कडेची रानफुलेही गेली. उरलेली टेकडी, रस्त्याची कड आणि गायरान याच आता तिच्या हक्काच्या जागा आहेत. तिथे काय लावले जाते, यावर शेजारच्या शेतातील बी धरणे अवलंबून राहते.

फूल असले की झाले, देशीच कशाला?

फुलातील मधुरस आणि पराग हा अर्धाच हिशेब आहे. फुलपाखराच्या अळीला ठरावीक झाडाचीच पाने लागतात. पट्टेरी पिवळ्या-काळ्या अळीचे ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू रुईवर वाढते. पिवळसर ‘एमिग्रंट’ फुलपाखरे बहावा, टाकळा, तरवडावर अंडी घालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ‘ब्ल्यू मॉरमॉन’च्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर पोसल्या जातात. घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी दिसते हे खरे, पण तिथे त्यांना पेय मिळते, पाळणा मिळत नाही. शिवाय घाणेरी पसरली की पाळण्याची झाडे हटतात.

दुभाजकावरील नेहमीची कण्हेर आणि बोगनवेल पाहा. कमी पाणी, भरपूर रंग आणि जनावरांचा त्रास नाही, म्हणून ती निवडली जातात. मात्र कण्हेरीच्या फुलात मधुरस नसतो. याउलट माळावरचा तरवड तितकाच चिवट आहे, गुरे त्याला सहसा खात नाहीत आणि वर्षाचा बराच काळ तो पिवळाधमक फुललेला असतो. त्यातही मधुरस नसतो, पण भरपूर पराग असतात आणि तो भुंगे थरथरवून काढतात. एकाच झुडपावर भुंग्याला अन्न आणि फुलपाखराला घर मिळते.

देशी झाड म्हणजे सरसकट चांगले, असेही नाही. सप्तपर्णी पश्चिम घाटातलीच, पण शहरांतील रस्त्यांच्या कडेने तिची एकसुरी लागवड झाली आणि बहराच्या काळात तिच्या उग्र वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. झाड, जागा आणि प्रमाण या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

कोणत्या जागेला काय मानवते?

मुरमाड, कमी पावसाच्या टेकडीवर हिवर, खैर, बोर, बाभूळ, सालई, मेडशिंगी, पळस आणि पांगारा तग धरतात. खानदेशाच्या कोरड्या भागात अंजन उत्तम. त्यांच्या जोडीला तरवड, हेंकळ, निर्गुडी, धायटी अशी झुडपे हवीत. मावळ-घाटाच्या उतारांवर करवंद, कुडा, ऐन, जांभूळ चालतात. किनाऱ्यावर वाळू धरायला मर्यादवेल आणि केवडा, मागे उंडी व करंज लावता येतात. ओढ्याकाठी आणि पाणी साचणाऱ्या जागी अर्जुन, करंज योग्य. दुभाजकासाठी उंच वाढणारे झाड नको. तिथे तरवड, कोरांटी, अडुळसा यांसारखी छाटणी सोसणारी झुडपे बरी. मधुरसाने भरलेली मोठी झाडे मात्र भरधाव वाहनांच्या मधोमध न लावता रस्त्याच्या बाहेरच्या कडेला आणि उड्डाणपुलांखालच्या मोकळ्या बेटांवर लावावीत. नाही तर खाण्यासाठी येणारे कीटक आणि पक्षी गाड्यांवरच आदळतात.

खाणींच्या ढिगाऱ्यांवर आधी माती तयार करावी लागते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने मँगनीज खाणींच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड, मायकोरायझा बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून झाडे वाढवण्याची पद्धत विकसित केली. मेलेल्या मातीत नुसता खड्डा खणून रोप लावले तर ते पहिल्या उन्हाळ्यातच जाते.

वर्षभर फुलोरा कसा ठेवायचा?

लागवडीची यादी करताना फुलांचे वेळापत्रक समोर हवे. जानेवारी ते मार्च या काळात काटेसावर, पळस, पांगारा, धायटी फुलतात. एप्रिल-मे मध्ये करंज, बहावा, कुडा. पावसाच्या सुरुवातीला मधमाश्यांची उपासमार होते, तेव्हा खैर उपयोगी पडतो. श्रावणानंतर हिवर, बोर, बाभूळ आणि रानफुले, थंडीत कोरांटी आणि अडुळसा. तरवड व निर्गुडी मधली पोकळी भरून काढतात. पाऊसमानाप्रमाणे हे महिने पुढेमागे होतात, म्हणून स्थानिक माणसाचे निरीक्षण कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा मोलाचे.

फुलांइतकेच घरही महत्त्वाचे. सगळी जमीन फरशी किंवा प्लास्टिकने झाकली तर बिळात राहणाऱ्या माश्यांना जागा उरत नाही. थोडी उघडी माती, एखादे वाळके खोड आणि बांबूचा कोपरा ‘अस्वच्छ’ दिसला तरी राखून ठेवावा लागतो.

देशी रोपे सहज का मिळत नाहीत?

रोपवाटिका मागणीप्रमाणे चालते. कंत्राटात रोपांची संख्या आणि उंची मोजणे सोपे असते, त्यामुळे लवकर उंच होणाऱ्या जाती पुढे जातात. हिवर किंवा अंजन सुरुवातीची दोन-तीन वर्षे जमिनीखाली मुळे सोडण्यात घालवतात. वर वीतभर दिसणारे रोप खाली कितीतरी खोल गेलेले असते, पण छायाचित्रात ते केविलवाणे वाटते.

दुसरी अडचण बियांची. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच उगवणक्षमता गमावते. बहाव्याचे बी इतके टणक की ते खरवडल्याशिवाय रुजायला फार वेळ लागतो. बाभळीचे बी शेळीच्या पोटातून गेले की चांगले उगवते, हे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पांगारा आणि सालई फांद्या लावून वाढवता येतात. हे ज्ञान गावात आहे, ते रोपवाटिकेच्या वेळापत्रकात बसवण्यासाठी एक-दोन वर्षे आधी मागणी नोंदवावी लागते. मे महिन्यात आदेश निघून जुलैत लागवड करायची असेल, तर जे तयार असेल तेच लावले जाते.

यावर एक साधन हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीतील वनस्पतींच्या यादीवरूनच गावच्या लागवडीची यादी काढता येऊ शकते.

लावलेले रोप जगते कसे?

उतारावर सलग समतल चर काढून पाणी मुरवणे ही पहिली पायरी. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यायचे आणि चांगल्या पावसाने जमीन भिजल्यावरच रोप लावायचे. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गुंडाळली जातात. ते वरून मोठे दिसले तरी पुढे कमकुवत राहते. बोर, खैर, पळस, अंजन यांचे बी थेट टोकले तर मुळे सरळ खाली जातात आणि खर्चही कमी होतो.

पुढचे दोन-तीन उन्हाळे निर्णायक असतात. बुंध्याशी वाळक्या गवताचे आच्छादन, गरजेपुरते पाणी, चराईबंदीबाबत गावाशी बोलणी आणि फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढणे ही कामे लागवडीइतकीच खर्चाची असतात. हा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर तोच खड्डा पुढच्या वर्षी पुन्हा भरला जातो.

झाड लावूच नये, अशा जागाही असतात का?

असतात, आणि त्यांच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतील गवताळ माळ ही जंगल तोडून झालेली उजाड जमीन आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात बरेचसे माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. माळढोक, लांडगा, चिंकारा आणि धनगरांचे कळप यांचे ते घर आहे. सरकारी नोंदीत मात्र असे झुडपी-गवताळ भाग अनेकदा ‘पडीक’ या सदरात पडतात आणि लागवडीचे उद्दिष्ट पूर्ण करायला तेच सोयीचे ठरतात. तिथे दाट झाडी केली की गवत जाते, त्याबरोबर गवतावरचे पक्षी, कीटक आणि चाराही जातो.

सह्याद्रीतील सड्यांचेही तसेच. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कास पठाराचा समावेश आहे. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे फुलतात. माती इतकी निकस असते की सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून पोषण मिळवते. अशा जागी खड्डे खणणे म्हणजे आधीच असलेला फुलोरा उखडणे. इथली योग्य ‘लागवड’ म्हणजे वाहने, वणवा आणि खोदकाम थांबवणे.

धोरणात काय बदलायला हवे?

भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन धरते. झाडे कोणती आहेत, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे निलगिरीचा मळा आणि सालईचे रान कागदावर सारखेच. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या एक टक्का रक्कम हिरवाईसाठी राखण्याची तरतूद आहे. हजारो किलोमीटरच्या रस्त्यांचा विचार केला तर ही रक्कम मोठी आहे. ती कण्हेर-बोगनवेलीवर खर्च होते की तरवड-करंजावर, हे निविदेतील जातींच्या यादीवर ठरते.

त्यामुळे बदलाची सुरुवात तीन ठिकाणी होऊ शकते. निविदेत रोपांच्या उंचीऐवजी स्थानिक जातींचे मिश्रण आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या रोपांची संख्या मोजणे. रोपवाटिकांना दोन वर्षे आधी मागणी देणे. गवताळ माळ आणि सडे लागवडीच्या यादीतून वगळणे. यांतील एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. देयक देण्याआधी काय मोजायचे, एवढेच ठरवावे लागते. जुन्या उंदीरमारीच्या टेकड्याही एका फटक्यात उघड्या करण्याची गरज नाही. तिच्या सावलीत स्थानिक रोपे वाढवून मग ती टप्प्याटप्प्याने विरळ करता येते. हे काम पाच-दहा वर्षांचे आहे, आणि त्याची पहिली पावती कदाचित टेकडीखालच्या शेतात, बी धरलेल्या कांद्याच्या गोंड्यावर मिळेल.